चुन्याची निवळी

संस्थेच्या स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे पत्र आले तेव्हा मी मीरा रोडच्या पूनम सागर वसाहतीतील माझ्या घरी खिडकीपाशी बसलो होतो. वसाहतीच्या नावात सागर आहे. खिडकीतून मात्र समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या आणि त्यांत वाळत घातलेले कपडे तेवढे दिसतात. समुद्र येथून पश्चिमेला, उत्तनच्या बाजूस. उत्तरेला भाईंदरची खाडी. या परिसरात एके काळी मिठागरेच मिठागरे होती. त्यांतील काही अजून शिल्लक आहेत. मला शाळेत पाठवले ते या मिठागरांनीच. म्हणून लेखाची सुरुवात तेथून करतो.

माझे वडील भाईंदरच्या एका मिठागरावर मजूर होते. पावसाळा सरला की ते घाट उतरून येत आणि पुढचा पाऊस लागेपर्यंत खाडीचे पाणी आत घेणे, बांध राखणे, मीठ ओढणे, हेच त्यांचे जीवन असे. अशा फिरत्या संसारात मुलाचे शिक्षण होणार नाही, हे ओळखून त्यांनी मला आपल्या शाळेच्या वसतिगृहात ठेवले. जूनमध्ये मिठागर बंद झाले म्हणजे ते मला भेटायला येत. एका फडक्यात खडेमीठ आणि दुसऱ्या फडक्यात शिंपले बांधून आणत. मीठ स्वयंपाकघरात जाई आणि शिंपले माझ्या पत्र्याच्या पेटीत. समुद्र न पाहिलेल्या आम्हा मुलांना त्या शिंपल्यांचे फार अप्रूप होते.

आमच्या विज्ञानाच्या गुरुजींच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्यांनी त्या शिंपल्यांतले मूठभर मागून घेतले. मला वाटले, शोभेसाठी हवे असतील. दुसऱ्या दिवशी ते गावातल्या लोहाराच्या भट्टीत भाजून आणलेले पांढरे तुकडे घेऊन वर्गात आले. 'कोकणात पूर्वी असाच शिंपल्यांचा चुना करीत,' असे सांगून त्यांनी ते तुकडे पाण्यात टाकले. पाणी खदखदले. रात्रभर भांडे तसेच ठेवून सकाळी वरचे स्वच्छ पाणी त्यांनी काचेच्या चंचुपात्रात काढले. चुन्याची निवळी तयार झाली. शिंपले माझे, म्हणून काचनळीने फुंकण्याचा मानही मलाच मिळाला. दहा-पंधरा श्वासांत निवळी दुधासारखी पांढरी झाली आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. आपल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड आहे, हे सिद्ध झाले. पुस्तकातला प्रयोग येथे संपत होता.

गुरुजी म्हणाले, "थांबू नकोस. फुंकत राहा."

मी फुंकत राहिलो. गाल दुखू लागले, डोके गरगरले. आणि मग ते दूध हळूहळू विरळ होऊ लागले. काही वेळाने चंचुपात्रात पुन्हा पाण्यासारखे नितळ पाणी होते. पांढरे गेले कुठे, असे आम्ही विचारले. गुरुजींचे उत्तर मला अजून आठवते. "ज्या श्वासाने ते घडले, त्याच श्वासाच्या अतिरेकाने ते विरघळले." चुन्याच्या निवळीत थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळला तर कॅल्शियम कार्बोनेट बनते, तेच खडूचे आणि तेच शिंपल्याचे द्रव्य. वायू अधिक झाला तर त्याचे बायकार्बोनेट होते आणि ते पाण्यात विरघळून जाते.

आम्ही हे समीकरण वहीत उतरवून घेतले. वर्गात आपण समुद्राचे भविष्य पाहत आहोत, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. गुरुजींना असावे, असे वाटत नाही.

पुढे मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक झालो आणि मुंबईच्या उपनगरातील एका महाविद्यालयात तीस वर्षे शिकवले. समुद्राच्या आम्लीकरणाविषयी प्रथम वाचले तेव्हा मला तो वर्ग आठवला. माणूस कोळसा, तेल आणि वायू जाळतो, तेव्हा निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात त्याचे कार्बोनिक आम्ल होते आणि त्यातून हायड्रोजनचे आयन सुटे होतात. हे आयन पाण्यातील कार्बोनेटला गाठून त्याचे बायकार्बोनेट करतात. शिंपला, कालव, प्रवाळ आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे कितीतरी जीव आपले घर बांधतात ते याच कार्बोनेटमधून. गवंडी तोच, पण विटा कमी पडू लागतात.

आम्लता मोजण्याच्या एककाला आपल्या पाठ्यपुस्तकांत सामू म्हणतात, इंग्रजीत पीएच. औद्योगिक युगाच्या आरंभी समुद्राच्या पृष्ठभागाच्या पाण्याचा सरासरी सामू सुमारे ८.२ होता, आता तो सुमारे ८.१ आहे. विद्यार्थी हे ऐकून हसत. "सर, एवढ्याशा फरकाने काय होणार?" पण ही मोजपट्टी साधी नाही. तीत एक अंक उतरला म्हणजे हायड्रोजन आयन दहापट होतात. ०.१ ची घट म्हणजे आयनांत पाव हिश्शाहून अधिक वाढ. समुद्राचे पाणी अजूनही अल्कधर्मीच आहे आणि त्याचे लिंबूपाणी कधी होणार नाही. 'आम्लीकरण' हा शब्द त्याच्या वाटचालीची दिशा सांगतो.

ही गोष्ट कळायला इतका उशीर का झाला, हा प्रश्न मला पुढे अधिक महत्त्वाचा वाटू लागला. त्यातले समीकरण तर खेड्यातल्या आठवीच्या वर्गातही होते. सामूची मोजपट्टी सोरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत तयार केली. ती बिअर गाळणाऱ्या कारखान्याची प्रयोगशाळा होती. १९५७ साली समुद्रशास्त्रज्ञ रॉजर रेव्हेल आणि किरणोत्सारी कार्बनचा अभ्यासक हान्स सूस या दोघांनी मिळून दाखवले, की समुद्र हा वायू वाटला होता तितक्या सहजपणे गिळणार नाही. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होते. आज ते ४२० च्या वर गेले आहे. हे सगळे ज्ञान हाती होते. परंतु हवेचा हिशेब ठेवणाऱ्याला समुद्र वायू शोषतो ही आनंदाची वार्ता वाटे, कारण तेवढी उष्णता टळत होती. शिंपल्यांचा अभ्यास करणारा सामूचे आकडे पाहत नसे. प्रत्येकाच्या वहीत गोष्टीचे एकेक पान होते, आणि वह्या वेगवेगळ्या कपाटांत होत्या.

२००३ साली केन कॅल्डेरा आणि मायकेल विकेट यांनी 'नेचर' या नियतकालिकात लिहिलेल्या छोट्याशा लेखाने अनेकांचे लक्ष वेधले. २००४ मध्ये पॅरिसला या विषयावर पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि वायूचा हिशेब ठेवणारे व जीवांचा अभ्यास करणारे एकमेकांसमोर बसले. भूवैज्ञानिकांनीही आपली वही उघडली. समुद्रतळाच्या गाळात सूक्ष्म जीवांची कवचे थरांवर थर साचलेली असतात. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी वातावरणात कार्बनची अशीच मोठी भर पडली होती, तेव्हा खोल समुद्रातील कवचधारी सूक्ष्म जीवांच्या अनेक जाती नष्ट झाल्या, याची नोंद त्या थरांत आहे. आम्लीकरणाने जीवसृष्टीचे काय होऊ शकते, हे सांगणारा तो एक जुना दाखला होता.

हे सारे मी वर्गात मोठ्या तळमळीने शिकवत असे. आणि त्याच काळात माझ्या हातून एक चूक घडली. ती येथे सांगायची, म्हणूनच हा विषय निवडला आहे.

महाविद्यालयांच्या एका आंतरमहाविद्यालयीन प्रदर्शनासाठी आम्ही भाईंदरच्या खाडीच्या पाण्याचा सामू मोजण्याचा प्रकल्प घेतला. प्रकल्पात चार विद्यार्थी होते. त्यांतला एक उत्तनच्या कोळीवाड्यातला. पाणी आणण्याचे काम त्याच्याकडे होते. दर पंधरा दिवसांनी तो बाटल्या भरून लोकलने घेऊन येई आणि दुपारच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला आम्ही त्या तपासत असू. पाच महिन्यांत आकडे उतरत गेले. मला अतिशय आनंद झाला. आनंद हाच शब्द खरा आहे. खाडी बिघडते आहे याचे दुःख व्हायला हवे होते, पण माझ्या तर्काला पुरावा मिळत होता.

त्या मुलाने एक वही ठेवली होती. सामूच्या आकड्याशेजारी तो आणखी काहीबाही लिहीत असे. तिथी. भरती की ओहोटी. पाणी किती वाजता घेतले. पाण्याचा रंग. पाऊस पडला होता का. तिवरांच्या बाजूने घेतले की पुलाच्या बाजूने. एकदा त्याने विचारलेही होते, "सर, पाणी कधी घेतलं ते तक्त्यात लिहू का? सकाळचं पाणी आणि दुपारचं पाणी एक नसतं. आजी तर ओहोटीचं पाणी हातात घेऊन सांगते."

मी त्याची वही तपासली आणि ते सगळे रकाने लाल शाईने खोडून काढले. शेजारी लिहिले, 'असंबद्ध. हा रसायनशास्त्राचा प्रकल्प आहे.'

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात आमचा तक्ता भिंतीवर लागला होता. प्राणिशास्त्र विभागाच्या एक मॅडम तो पाहायला आल्या. त्यांनी तक्ता खालपासून वरपर्यंत वाचला आणि एवढेच विचारले, "सर, नमुने कोणत्या वेळेचे आहेत?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर वहीत होते, लाल रेघांच्या खाली. आम्ही ती वही काढून बसलो. पहिल्या दोन महिन्यांतले नमुने दुपारी, भरतीच्या वेळी घेतलेले होते. नंतर मुलाच्या घरच्या कामाची वेळ बदलली, आणि पुढचे नमुने पहाटे, ओहोटीला घेतलेले होते. दिवसा पाण्यातील सूक्ष्म वनस्पती आणि शेवाळे प्रकाशसंश्लेषण करतात, कार्बन डायऑक्साइड वापरतात, आणि सामू चढतो. रात्रभर सारे जीव श्वास सोडतात आणि पहाटे तो सर्वांत खाली असतो. ओहोटीला तर तिवरांच्या मुळांतून, कुजत्या पानांतून आणि शहराच्या नाल्यांतून आलेले पाणीच बाटलीत येणार. शिवाय लोकलच्या उकाड्यात काही तास राहिलेल्या बाटलीत जीवांचे श्वसन चालूच असते. म्हणून समुद्रशास्त्रज्ञ नमुना घेताच त्यात मर्क्युरिक क्लोराइडचा थेंब टाकून ते थांबवतात आणि बाटली हवाबंद करतात. खाऱ्या पाण्याचा सामू नेमका मोजायचा तर उपकरणही नेहमीच्या गोड्या पाण्याच्या द्रावणावर जुळवून भागत नाही. यातले काहीही मी केले नव्हते. मी मोजले ते खाडीचे आम्लीकरण नव्हते. एका मुलाच्या दिनक्रमात झालेला बदल मी मोजला होता.

तक्ता उतरवावा लागला. मॅडमशी मी महिनाभर धड बोललो नाही. त्यांचे बरोबर आहे हे कळूनही बोललो नाही. मुलांना प्रमाणपत्रे मिळाली नाहीत. पुढच्या वर्षी तो उत्तनचा मुलगा विज्ञान शाखा सोडून गेला. घरच्या होडीवर माणूस कमी होता, हे कारण त्याने दिले आणि ते खरेही असावे. माझ्या लाल रेघेमुळेच तो गेला, असे म्हणणे म्हणजे स्वतःला अवास्तव महत्त्व देणे होईल. पण त्या रेघेचा त्यात काहीच वाटा नव्हता, असेही मला म्हणवत नाही. आपल्या आजीचे ज्ञान त्याने विज्ञानाच्या वहीत आणले होते, आणि मी त्याला सांगितले होते, की ते येथे चालत नाही.

त्यानंतर काही वर्षांनी एक शोधनिबंध वाचनात आला आणि मी फार अस्वस्थ झालो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगन राज्यात नेटार्ट्स नावाच्या खाडीवर कालवांची पिल्ले वाढवण्याचा व्हिस्की क्रीक नावाचा एक कारखाना आहे. २००७ आणि २००८ या वर्षांत तेथील कोट्यवधी पिल्ले मेली. प्रथम संशय जिवाणूंवर गेला. पाणी निर्जंतुक करण्याची यंत्रे बसवली, तरी पिल्ले मरतच राहिली. मग ऑरेगन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ बर्क हेल्स कारखान्यात आले, आणि कारखान्यातला माणूस अॅलन बार्टन व ते मिळून पाणी तपासू लागले. उत्तरेकडचा वारा सुटला, की किनाऱ्याजवळ खोलवरचे थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी वर येते आणि त्याच पाण्यात पिल्लांचे पहिले कवच तयार होत नाही, असे निघाले. २०१२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. वाऱ्याचे शास्त्र, पाण्याचे रसायन, कालवाचे जीवशास्त्र आणि कारखान्याची नोंदवही, या चार गोष्टी एकत्र आल्या नसत्या तर ते कोडे सुटले नसते. त्यांनी पाण्यात सोडा मिसळायला सुरुवात केली. आणखी एक साधी गोष्ट केली. पाणी पहाटे न घेता दुपारनंतर घेऊ लागले, कारण दिवसभराच्या उन्हात खाडीतल्या समुद्रगवताने आणि शेवाळाने कार्बन डायऑक्साइड वापरलेला असतो आणि सामू चढलेला असतो.

सकाळचे पाणी आणि दुपारचे पाणी एक नसते. हे वाक्य मी खोडले होते.

मग मी मॅडमच्या विभागात गेलो. त्यांनी जुन्या गोष्टीचा उल्लेखही केला नाही. खुर्ची दिली आणि कागद पुढे ओढला. असे ठरले, की खाडीवर सलग चोवीस तास थांबायचे आणि दर दोन तासांनी नमुना घ्यायचा. सामू व क्षारता आमचा विभाग पाहील. पाण्यात विरघळलेला प्राणवायू आणि प्राणिप्लवक मॅडमकडे. वनस्पतिशास्त्राचे सर सूक्ष्म वनस्पतींसाठी जाळे आणि सूक्ष्मदर्शक आणतील. भूगोलाचे सर भरती-ओहोटीचे कोष्टक सांभाळतील. नोंदीचा तक्ता कसा असावा, असा प्रश्न आला, तेव्हा मी कपाटातून ती वही काढली. लाल रेघांखालचे रकाने आम्ही जसेच्या तसे उतरवून घेतले.

होडी मिळवून दिली ती मॅडमनी, त्याच मुलाच्या काकांची. होडीवर तोही होता. चार वर्षांत तो अंगाने भरला होता. त्याने मला नमस्कार केला, पेट्या चढवायला हात लावला, आणि मग तो सुकाणूपाशी जाऊन बसला. मी म्हणालो, "तुझ्या वहीतले रकाने घेतलेत." तो म्हणाला, "हो, मॅडमनी दाखवले." याहून अधिक आमचे बोलणे झाले नाही. माफी मागण्याचे शब्द मी घरून जुळवून आणले होते. ते तसेच राहिले.

मध्यरात्र उलटल्यावर आम्ही सगळे पेंगू लागलो होतो. कोष्टकाप्रमाणे भरती अजून थोडी शिल्लक होती. अंधारातून त्याचा आवाज आला, "सर, पाणी फिरलं. वेळ लिहून ठेवा." भूगोलाच्या सरांनी घड्याळ पाहिले. कोष्टक बंदरापाशी मोजलेल्या पाण्याचे असते. खाडीत आत पाणी आपल्या वेळेने फिरते. आम्ही वेळ लिहिली.

त्या चोवीस तासांत आम्हाला जे दिसले ते पाठ्यपुस्तकाला धरूनच होते. दुपारी सामू चढला, पहाटेच्या ओहोटीला तळाला गेला, आणि प्राणवायूनेही तीच चढउतार दाखवली. त्याहून मोलाची गोष्ट दुसरी होती. औद्योगिक युगात साऱ्या महासागराच्या सरासरीत जो ०.१ चा फरक पडला, त्याहून कितीतरी मोठा फरक ही खाडी एका दिवसात दाखवत होती. म्हणजे एका दिवसाच्या, एका वर्षाच्या, एका शास्त्राच्या मोजणीतून येथे आम्लीकरण होत आहे की नाही, याविषयी एक अक्षरही बोलता येणार नव्हते. दीर्घकाळची संथ घसरण या रोजच्या हिंदोळ्याखाली दडलेली असते. ती शोधायची तर दशकानुदशके त्याच जागी, त्याच शिस्तीने पाणी मोजत राहावे लागते, आणि हिंदोळा कशाने हलतो हे सांगणारी माणसे शेजारी लागतात.

आपल्याकडे हे काम होते आहे, याचा मला अभिमान वाटतो. १९६० च्या आसपास जगातल्या अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली. भारतीय नौदलाचे 'कृष्णा' हे जहाज तीत सहभागी होते, आणि मोहिमेत गोळा झालेल्या प्राणिप्लवकांची वर्गवारी करण्यासाठी कोचीला केंद्र उभे राहिले. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावला येथे तिचे मुख्यालय आहे. तिची रचनाच अशी, की भौतिकी, रसायन, जीवशास्त्र आणि भूविज्ञान हे चारही विभाग एका छपराखाली आहेत आणि एकाच जहाजावरून जातात. १९९० च्या दशकापासून या संस्थेचे शास्त्रज्ञ गोव्यातल्या कांदोळीसमोर एका ठरावीक जागी पुन्हा पुन्हा जाऊन पाणी मोजत आले आहेत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत आपल्या पश्चिम किनाऱ्याशी खोलवरचे, प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड अधिक असलेले पाणी वर सरकते. किनाऱ्यालगतच्या या समुद्रात प्राणवायू कसा संपत जातो आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड किती तयार होतो, हे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली जगापुढे मांडले. त्याच संस्थेच्या विशाखापट्टणम केंद्रातील व्ही. व्ही. एस. एस. सरमा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले, की बंगालच्या उपसागराच्या किनारी पाण्याच्या वाढत्या आम्लतेचा संबंध जमिनीवरून वाहत येणाऱ्या प्रदूषित हवेशीही आहे. म्हणजे समुद्राच्या अभ्यासकाला धुराड्याच्या अभ्यासकाकडेही जाणे आले.

२०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी जी शाश्वत विकासाची उद्दिष्टे ठरवली, त्यांतील चौदावे समुद्राविषयी आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात आम्लीकरणाचे परिणाम कमी करावेत असे म्हणताना, सर्व पातळ्यांवरील वैज्ञानिक सहकार्य वाढवून ते करावे, असा उपायही सांगितला आहे. मी ते कलम वाचले तेव्हा 'सर्व पातळ्यांवरील' या शब्दांपाशी थांबलो. त्यात जहाजे, उपग्रह, मोठ्या प्रयोगशाळा येतातच. पाणी फिरले हे अंधारात ओळखणाऱ्यालाही तेथे जागा असली पाहिजे.

सहकार्य हा शब्द समारंभांत फार सोपा वाटतो. प्रत्यक्षात ते अवघड आहे, कारण त्यासाठी आपल्या विषयात निष्णात असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दारात अडाणी म्हणून उभे राहावे लागते. वसतिगृहात आपण हे लहानपणीच शिकलो होतो, असे आता वाटते. पाणी भरणे, स्वयंपाकघर, झाडलोट, अशा आपल्या तुकड्या असत. प्रत्येक तुकडीला आपलेच काम जड वाटे आणि भांडणे होत. मग अधीक्षक महिना संपला की तुकड्या बदलून टाकत. पाणी भरणारे चुलीपाशी गेले, की पाणी वेळेवर का लागते ते त्यांना कळे. मी ते कळूनही विसरलो होतो. पदवी मिळाली, टेबल मिळाले, लाल शाईचे पेन मिळाले, आणि आपली तुकडी हीच सारी शाळा, असे वाटू लागले.

म्हणून शाळेतील आजच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना एक विनंती करून हा लेख संपवतो. आपल्या शाळेपासून समुद्र दूर आहे; विहीर जवळ आहे. एक जाड वही करा आणि आठवड्यातून एकदा विहिरीच्या पाण्याची नोंद ठेवा. सामूचा कागद विज्ञानाच्या तासाला मिळेल. पण त्याच्याशेजारी वेळ लिहा, पाऊस लिहा, पाण्याची पातळी लिहा, शेवाळ लिहा, काठावर कोण पाणी भरत होते आणि ते काय म्हणाले तेही लिहा. रकाने किती असावेत, हे एका विषयाच्या शिक्षकाने ठरवू नये. आणि त्यातला कोणताही रकाना खोडण्याआधी, ज्याने लिहिला त्याला एकदा विचारावे.

या पत्रासोबत अशी एक कोरी वही पाठवत आहे. तिच्या पहिल्या पानावर मी रकाने आखून दिले आहेत. ते माझे नाहीत. उत्तनच्या एका विद्यार्थ्याचे आहेत. जुनी वही मात्र माझ्याकडेच आहे. ती त्याला परत नेऊन द्यायची, असे दरवर्षी पावसाळ्याआधी ठरवतो. होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात तेव्हा तो घरी भेटेल. या वर्षी जाणार आहे.

— एक माजी विद्यार्थी,
पूनम सागर, मीरा रोड (पूर्व)